कडूबाच्या अँबेसिडरचा स्टार्टर

आधीच सांगून ठेवतो, अँबेसिडर ही माझ्या लेखी गाडीच नाय. चार चाकांवर ठेवलेला तो सोफा आहे. आत बसलं की झोप येते, वळवायला घेतली की दंड भरून येतात, आणि ब्रेक दाबला की ती आधी जरा विचार करते. गाडी म्हणजे फियाट. माझी होती, पद्मिनी, मोतिया रंगाची, नाजूक बांध्याची. हे मी कडूबाच्या तोंडावर सगळा जन्म सांगत आलो आणि तो सगळा जन्म ऐकून घेत आला. माझं ऐकून झालं की तो कपातला शेवटचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं तुझं? बस मागं, घरी सोडतो." मी बसायचो. फियाट बहुतेक वेळा गॅरेजात असायची, पण त्याचा इथं संबंध नाय.

कडूबा आणि मी उस्मानपुऱ्यात एकाच गल्लीत राहतो. तो मूळचा फुलंब्रीकडचा, मी करमाडचा. मी वाळूजला कंपनीत लेथवर होतो, तो रेल्वे स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर. पांढरी अँबेसिडर, टपावर लोखंडी कॅरियर. पाव्हणे घ्यायचे, वेरूळ-अजिंठा दाखवायचं, परत स्टेशनावर आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. पाव्हणे लेणी बघत तोवर हा अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरात मागच्या सीटवर आडवा. मी एकदा विचारलं, इतक्या वर्षांत तू स्वतः लेणी किती वेळा पाहिलीस? म्हणाला, "एकदा. त्या दिवशी गाडी उन्हात उभी होती, म्हणून मन लागलं नाय."

आमच्यात तिसरा फकिरा. त्याची काळीपिवळी जीप करमाड-जालना रस्त्यावर चालायची. पुढच्या सीटवर इतकी माणसं, की फकिरा स्वतः अर्धा दाराबाहेर आणि गिअर टाकायचा तर आधी शेजारच्याला गुडघा हलवायला सांगायचं. फकिराचं मत असं, की ज्या गाडीत मोजून माणसं बसतात ती गाडी श्रीमंतांची खोड आहे. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर आम्ही तिघं भांडायचो. कुणाची गाडी चौक्याचा घाट तिसऱ्या गिअरवर चढते, कुणाची पेट्रोल जास्त पिते, कुणाचा हॉर्न ऐकून म्हैस बाजूला होते. टपरीवाला म्हणायचा, तुम्हा तिघांच्या बायका तुमच्याशी इतकं भांडत नसतील. भांडायच्या, पण गाड्यांवरूनच.

एक गोष्ट मात्र मी कडूबाची कायम मानली. गाडी चालवावी तर त्यानं. पाणी भरलेला तांब्या मागं ठेवावा आणि खुशाल वेरूळला जावं. दौलताबादच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते. तिथं हा लांबूनच हळू करायचा, समोरच्याला दिवा मिचकावून 'ये' म्हणायचा, आणि तो निघून गेला की हात वर करायचा. एस.टी.लाही तेच, बैलगाडीलाही तेच. वळायचं तर खिडकीतून अख्खा हात बाहेर. मागच्याला लांबून कळायचं की हा माणूस आता वळणार. आता बघा. डावा इंडिकेटर लावून उजवीकडं जातात, आणि आपण हॉर्न दिला तर काच खाली करून आपल्यालाच विचारतात, काय अंकल, काय प्रॉब्लेम आहे? जालना रोडवर उड्डाणपूल झाले, गाड्या वाढल्या, हात वर करणारं माणूस काही दिसत नाय.

आता मुद्द्यावर येतो. कडूबाच्या अँबेसिडरला एक रोग होता. लग्नात ती चालू व्हायची नाय.

आमच्या गल्लीतल्या मुलीची पाठवणी म्हणजे कडूबाची अँबेसिडर, हे ठरलेलं. भाडं घ्यायचा नाय. सकाळपासून गाडी धुवायची, फुलांच्या माळा बांधायच्या, टेप लावून ठेवायचा. मुलीला सगळ्यांनी गळ्याशी धरून झालं, ती गाडीत बसली, रडारड शिगेला पोचली, की कडूबानं चावी फिरवायची आणि गाडी गप्प. पुन्हा फिरवायची, पुन्हा गप्प. मग तो खिडकीतून डोकं काढून शांतपणे म्हणायचा, "जरा धक्का लागल." मग काय, मुलीचा बाप, चुलते, भाऊ, सगळे डोळे पुसत मागं लागायचे. हो-हो करत गाडी ढकलायची. कुणाची चप्पल सुटायची, कुणाचा फेटा. दुसऱ्या गिअरवर गाडी एकदम धूर सोडून चालू झाली, की ढकलणारे तोंडावर पडता पडता वाचायचे आणि आत मुलगी रडता रडता हसायची. दर लग्नात हेच. गल्लीत तर रीतच पडून गेली. धक्का दिल्याशिवाय पाठवणी झाली असं कुणाला वाटेना.

मी यावर तोंडसुख घेतलं नाय तर नवल. माझ्या अमृताच्या लग्नात मलाच, मुलीच्या बापाला, बाह्या वर करून ढकलावं लागलं. पुढं कित्येक वर्षं मी टपरीवर ते सांगत होतो. फकिरा एकदा म्हणाला, "पण काकासाहेब, अजिंठ्याला जाताना तर ही कधी बंद पडत नाय." मी त्याला गप्प केलं. म्हणलं, तुला जीपवाल्याला काय कळतं. लग्नात दिवसभर टेप वाजतो, माळेचे दिवे जळतात, बॅटरी उतरते, त्यात ह्या गाडीचा स्टार्टर मुळातच आळशी. फकिराला हे पटलं नाय. तो म्हणायचा, "तिला नवरीचा लळा लागतो, म्हणून ती हलत नाय." कडूबा दोघांचं ऐकून चहा प्यायचा.

दिवस गेले. माझी फियाट मी विकली. ज्याला विकली त्यानं कुठं नेली ते मी विचारलं नाय. फकिराची जीप बंद झाली, त्याच्या पोरानं त्या जागी मालवाहू टेम्पो घेतला. कडूबाचं परमिट संपलं, पण गाडी त्यानं ठेवली. खाजगी नोंदणीवर, दारासमोर, ताडपत्रीखाली. रोज सकाळी चालू करायची आणि स्टेशनापर्यंत एक चक्कर. मग त्याच्या डोळ्यांचं झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, एक डोळा साफ झाला, दुसऱ्यात धुरकटपणा राहिला. डॉक्टरनं गाडी बंद म्हणून सांगितलं. मला वाटलं भांडेल. त्यानं चावी काढून गीताबाईंच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

अशात त्याच्या नातीचं लग्न ठरलं. संस्कृती, राजकुमारची मुलगी. मुलगा शिवम, पुण्याचा, चांगलं घर. राजकुमार म्हणजे कडूबाचा एकुलता मुलगा, शेंद्र्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं नेमका आणि जरा ताठ. पाव्हण्यांकडं नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी. राजकुमारनं ठरवलं, मुलगी तीतच जाईल. संस्कृती म्हणाली, मी आबांच्या गाडीतून जाणार. निदान नगर नाक्यापर्यंत, जशा गल्लीतल्या सगळ्या गेल्या. तिथून पुढं पुण्याला मग पाव्हण्यांची गाडी.

त्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल कडूबाचं मत टपरीवर ऐकलं होतं. "गाडी हाय का मोबाईल? चार्जिंगला लावायचा अन् वर नवरीला बसवायचं." त्याच्या बोलण्यात एवढा राग मी पहिल्यांदा ऐकला. माणूस गाडीवरून चिडलेला नव्हता, मला कळत होतं. आपल्या नातीची पाठवणी आपल्या गाडीतून व्हावी, एवढं एकच त्याला आता हवं होतं.

शेवटी राजकुमार माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, चालवायला तुम्ही बसा. स्टेअरिंगवरचा गिअर आमच्यातल्या कुणालाच जमत नाय. पण एक अट. गाडी चावीवर चालू झाली पाहिजे. नाय झाली तर संस्कृतीला मी मागच्या गाडीत बसवणार. तो धक्क्याचा तमाशा मला पाव्हण्यांसमोर नको." मी म्हणलं, चावीवर चालू होईल, माझा शब्द. अँबेसिडरच्या स्टेअरिंगला आयुष्यात हात लावणार नाय अशी मी शपथ घेतलेली होती, ती त्या दिवशी मोडली.

कडूबाला सांगायला गेलो. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "तू चालव, मान्य हाय. दुसऱ्या कुणाला दिली नसती." मग म्हणाला, "काकासाहेब, पण मी बाहेर उभं राहून काय करू रे?"

"काय करू म्हणजे? आजोबा हायस. उभा राहा सगळ्यांसारखा."

"उभं कधी राहिलोच नाय ना. माझ्या पोटच्या सरिताच्या पाठवणीलासुद्धा मी स्टेअरिंगवर होतो. पोरगी जाताना हातांचं काय करायचं असतं?"

"खिशात घाल," मी म्हणालो. असलं बोलणं मला सुचतं, त्याला इलाज नाय.

गाडी घेऊन मी जाफर गेटजवळ खाजामियाँकडं गेलो. जुन्या गाड्यांचा हा आता एकच मिस्त्री उरलाय. म्हणलं, खाजामियाँ, स्टार्टर उतरवा, आर्मेचर बघा, नवा टाकायचा तर नवा टाका, पण लग्नात दगा नको. त्यांनी बॉनेट उघडलं, तपासलं, चावी फिरवली, एका दमात चालू. बंद केली, पुन्हा चालू. "काकासाब, इस्टार्टर में खराबी नक्को ढूंढो," म्हणाले. "दुल्हन के जैसी संभाला है इसकू."

मी म्हणलं, असं कसं, लग्नात हमखास बंद पडते. मग ते डॅशखाली मान घालून वायरी बघायला लागले, आणि थोड्या वेळानं हसत बाहेर आले. "ये देखो. चोरी का स्विच." स्टेअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याशी, हात घातल्याशिवाय दिसणार नाय असा एक छोटा स्विच. जुने लोक गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवायचे. तो पाडला की चावी कितीही फिरवा, स्टार्टरला करंट जात नाय. बाकी गाडी ठणठणीत, धक्का मारला की चालू. वायरीला कापडी पट्टी गुंडाळलेली, लई जुनी. आणि स्विचचं टोक बोटानं घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"अँबेसिडर कौन चुराता?" खाजामियाँ म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडं गेले.

मी गाडीतच बसून राहिलो. मला अमृताची पाठवणी आठवली. ती गाडीत बसली तेव्हा मी दारापाशी खांबासारखा उभा होतो. आजूबाजूच्या बाया रडत होत्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात कडूबाचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "काकासाहेब, जरा धक्का लागल." मी त्याला आणि त्याच्या गाडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, बाह्या वर केल्या आणि सगळ्या ताकदीनं ढकललं. गाडी चालू झाली तेव्हा मला दम लागला होता, अमृता मागच्या काचेतून हसत हात हलवत होती, आणि मीही चिडून का होईना, हसत होतो. माझ्या मुलीला मी माझ्या हातांनी पुढं लावून दिलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक बापाला त्यानं हेच दिलं होतं. आणि मी टपरीवर बॅटरीचं शास्त्र सांगत होतो. खाजामियाँच्या गॅरेजात बसून मला रडू आलं. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी कडूबाला काही बोललो नाय. राजकुमारला सांगितलं, गाडी तयार आहे, चावीवर चालू होते.

लग्न बीड बायपासच्या मंगल कार्यालयात झालं. त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली, जेवणं झाली. पांढऱ्या साडीतली संस्कृती शिवमबरोबर मागच्या सीटवर येऊन बसली. गीताबाई खिडकीतून तिचा हात सोडेनात. मागं पाव्हण्यांची इलेक्ट्रिक गाडी उभी होती, चालू आहे का बंद हे कळायला मार्ग नाय. राजकुमार मोबाईल हातात घेऊन ताठ उभा होता, जबडा आवळलेला, स्क्रीन कधीच विझलेली.

आणि कडूबा फाटकाशी. नवा पांढरा शर्ट, काळा चष्मा. हात मागं बांधले, सोडले. खिशात घातले, बाहेर काढले. शर्टाची कडा ओढली. एका पोराच्या डोक्यावर ठेवायला गेला, ते पोर पळालं. तो माणूस जन्मभर ज्या जागेला चुकवत आला होता, तिथं आज एकटा उभा होता.

मी शब्द दिला होता. गाडी चालू झाली नाय तर पोरगी मागच्या गाडीत बसेल आणि कडूबाची एवढी एक इच्छा माझ्या हातून मातीत जाईल, हेही मला ठाऊक होतं. माझा उजवा हात डॅशखाली गेला. स्विच खाली पाडला. चावी फिरवली. गाडी गप्प.

पुन्हा फिरवली. गप्प.

गर्दीतून फकिरा ओरडला, "लळा लागला, लळा लागला." राजकुमार खिडकीशी आला, चेहरा लालेलाल. "काका, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता," मी म्हणालो. "तुझ्या बापाला बोलाव. धक्का लागल."

पाव्हण्यांपैकी एकानं मागच्या गाडीचं दार उघडून धरलं. राजकुमारनं संस्कृतीच्या बाजूच्या दाराला हात घातला. तेवढ्यात संस्कृतीनं आतून कडी लावून घेतली आणि खिडकीतून डोकं काढलं. "आबा," ती म्हणाली, "येता ना ढकलायला?"

कडूबा आला. येता येता माझ्या खिडकीपाशी थांबला. वाकून आत पाहिलं. माझा हात अजून डॅशखालीच होता. त्यानं त्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चष्म्याआडचे डोळे मला दिसले नाय. तो मागं गेला आणि दोन्ही तळवे डिकीवर ठेवले. राजकुमार क्षणभर तसाच उभा राहिला. मग मोबाईल खिशात टाकून बापाच्या शेजारी जाऊन लागला. मग फकिरा, मग गल्लीतले सगळे, आणि शेवटी ते दार उघडून धरणारे पाव्हणेही.

मी दुसरा गिअर टाकला. गाडी जड, पण हलली. हो-हो झालं. फाटकाशी क्लच सोडला, गाडीनं एक हिसका दिला आणि चालू झाली. आरशात पाहिलं. राजकुमार ओंजळीत तोंड घालून मोकळा रडत होता. कडूबा रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात अजून पुढं पसरलेले, चार पावलं तसाच गाडीमागं चालत आला. मग थांबला आणि दौलताबादच्या वेशीत करायचा तसा अख्खा उजवा हात वर केला. मागं संस्कृती हसत होती, रडतही होती.

नगर नाक्यावर ती उतरली. मला वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या गाडीत बसली. गाडी आवाज न करता निघून गेली.

मी परत आलो तेव्हा कार्यालय रिकामं होत आलं होतं. कडूबा पायरीवर बसला होता, तळव्यांना डिकीची धूळ. मी शेजारी बसलो.

"स्टार्टर बघायला पायजे तिचा," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "लई खराब हाय. तुला सांगतो, ही गाडीच नव्हं. फियाटला असला रोग कधी..."

त्यानं थोडी वाट पाहिली. "झालं तुझं?"

"झालं," मी म्हणालो. "बस मागं, घरी सोडतो."

तो मागच्या सीटवर बसला, नातीच्या जागेवर, गळून पडलेल्या फुलांत. मी स्विच वर केला, चावी फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली.